गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा पर्यावरणीय हिशेब

प्रश्न : गेल्या महिन्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण झाले. थिएटरमधून लाल-पिवळ्या पिशव्या भरभरून बाहेर जाताना पाहिल्या, तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे. अशा शस्त्रक्रियेचा पर्यावरणावर पडणारा भार नेमका कसा मोजतात?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पिशव्या हा या हिशेबाचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहे. 'जीवनचक्र मूल्यमापन' या पद्धतीत धातूच्या खनिजापासून शेवटच्या विल्हेवाटीपर्यंतचा सगळा प्रवास धरतात. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना हे चटकन उमगेल, कारण हातातल्या कास्टिंगच्या वजनावरून भट्टीने किती वीज खाल्ली ते कळत नाही.

थिएटरमध्ये सर्वाधिक वीज लागते ती दिव्यांना नव्हे, तर हवा गाळून, थंड करून सतत बदलत ठेवणाऱ्या यंत्रणेला. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे रात्री रिकाम्या थिएटरमध्येही ही यंत्रणा पूर्ण वेगाने चालत असेल, तर तो भार दिवसाच्या रुग्णांच्याच खात्यात मांडावा लागतो. तीच गत हत्यारांची. गुडघ्याचे माप आधी नेमके ठरत नसल्याने अनेक ट्रे उघडले जातात, त्यांतील कित्येक हत्यारांना सर्जनचा हातही लागत नाही, पण ट्रे उघडला की त्यातले प्रत्येक हत्यार पुन्हा धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालावेच लागते.

भूल कोणती दिली, हेही पाहावे. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो; स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा नेहमीचा वापर थांबवला. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिल्यास असा वायू लागत नाही.

पिशव्यांचे रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असतात. पिवळ्या पिशवीतला कचरा मुख्यतः जाळला जातो, तर लाल पिशवीतले प्लास्टिक निर्जंतुक करून पुनर्वापराला जाते. म्हणूनच वेष्टनाचा कोरा पुठ्ठा पिवळ्या पिशवीत पडणे मला फार खटकते.

माझ्या मते मात्र या एकूण भाराचा भागाकार 'एका शस्त्रक्रियेने' न करता 'वेदनेविना चालता आलेल्या वर्षांनी' करावा. कृत्रिम गुडघ्यांपैकी दहांतले आठ पंचवीस वर्षे टिकतात. जंतुसंसर्ग होऊन सांधा पुन्हा बदलावा लागला, तर वीज, ट्रे, पिशव्या सगळे दुसऱ्यांदा लागते. म्हणून निर्जंतुकीकरणात काटकसर करून पर्यावरण राखता येणार नाही. आईंच्या शस्त्रक्रियेबद्दल आपण अपराधी वाटून घेऊ नये. त्यांचा व्यायाम आणि तपासणीच्या तारखा तेवढ्या चुकू देऊ नयेत.