आरओच्या पाण्यावर बिअर करताना टाकी आधी रिकामी करा

तुमचा प्रश्न असा, की सिंकखाली आरओ आहे, बिअर तीन-चार महिन्यांतून एकदा, २० लिटर. मग हेच पाणी चालेल की दुकानातून कॅन आणावेत? आरओच वापरा. मीही अमेरिकेतल्या फीनिक्समध्येच राहतो. आपलं नळाचं पाणी क्षाराचं, किटलीत पांढरे पापुद्रे धरतात. त्यातली बायकार्बोनेटं मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच वर नेतात आणि फिकट बिअरला राठ, तुरट चव येते.

पण कधीमधी वापरणाऱ्यांची गडबड होते ती टाकीतल्या पाण्यामुळे. यंत्र बंद असतं तेव्हा मेंब्रेनच्या (आरओतल्या गाळणाऱ्या पडद्याच्या) खाऱ्या बाजूचे क्षार हळूहळू गोड्या बाजूला झिरपतात. स्वयंपाकघरात दिवसभर एकेक ग्लास पाणी घेत गेलं की टाकी नेमकी अशाच 'पहिल्या पाण्या'नं भरत जाते. मी एकदा दोन आठवडे गावाला जाऊन आलो आणि न तपासता त्याच पाण्यावर पेल एल (फिकट बिअर) लावली. चव बोथट लागली म्हणून नंतर पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला, तर टाकीचं पाणी ८५ पीपीएम (दहा लाखांत ८५ भाग) दाखवत होतं. टाकी ओतून टाकली, थोडा वेळ पाणी वाहू दिलं, आकडा १८ वर आला. तेव्हापासून बिअरच्या आदल्या संध्याकाळी टाकी पूर्ण रिकामी करतो आणि ताजं पाणी भांड्यात साठवतो. मीटर स्वस्त मिळतो, तो घ्याच. नळाच्या आकड्याच्या दहा टक्क्यांपेक्षा वर आरओचा आकडा टिकून राहिला, तर मेंब्रेन बदलायला झालं समजा.

आदल्या दिवशी सुरुवात करायचं दुसरंही कारण आहे. २० लिटर बिअरला धान्यात मुरणारं आणि उकळताना उडणारं धरून ३० लिटर पाणी लागतं, आणि नेहमीच्या टाकीतून जेमतेम १० लिटर निघतं. दिवसाला ५० गॅलनचं मेंब्रेन कागदोपत्री तासाला ८ लिटर देतं. टाकी भरत आली की दाब वाढून वेग मंदावतो, म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळी थेट कॅनमध्ये सोडा. शेवटी खनिजं घालणारं कार्ट्रिज असेल, तर त्याच्या आधीच पाणी काढा. ते बहुधा चुनखडीचे खडेच असतात, म्हणजे काढलेली अल्कलिनिटी (तीच बायकार्बोनेटं) परत आत.

आता क्षार. एक्स्ट्रॅक्टवर (माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, तयार अर्कावर) करत असाल तर काहीच घालू नका, ते करताना वापरलेल्या पाण्यातली खनिजं त्यात आहेतच. धान्यापासून करत असाल तर नुसतं आरओ चालत नाही, कॅल्शियम हवंच. ३० लिटरला ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ३ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातलं की कॅल्शियम ६० पीपीएमच्या आसपास येतं. हॉप्सचा कडूपणा खणखणीत हवा असेल तर जिप्सम ६ आणि कॅल्शियम क्लोराइड २ ग्रॅम करा. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या एलची ख्याती तिथल्या जिप्समच्या पाण्यावरच उभी आहे. उलट पिल्सनर या फिकट बिअरला तिच्या मूळ गावासारखं, चेक देशातल्या पिल्झेनसारखं मऊ पाणी मानवतं, तिथे हात आखडता घ्या. फिकट माल्ट ५ किलो असेल तर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड २ मिली घालून पीएच पाहा, ५.२ ते ५.५ मध्ये बसवा. काळ्या माल्टच्या बिअरला ॲसिड नको, भाजलेलं धान्यच पीएच खाली आणतं.

क्लोरीन अडवणं हे कार्बन फिल्टरचं काम, मेंब्रेनचं नव्हे. तो फिल्टर जुना झाला तर बिअरला औषधाचा वास येतो आणि मेंब्रेनही खराब होतं. शिवाय क्लोरीन निघून गेल्यामुळे टाकीत जंतू वाढायला अडवणारं काही उरत नाही, तेव्हा फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) वरून पाणी घालायचं असेल तर ते उकळून, गार करूनच घाला.

टाकीतल्या पहिल्या ग्लासाचं आणि टाकी रिकामी केल्यानंतरच्या पाण्याचं रीडिंग, शिवाय कुठली बिअर करताय ते लिहा, क्षारांचं माप बसवून देतो.