ऑइल स्प्रिंग्जच्या विहिरींवर नवीन पंपजॅक का बसवत नाहीत?

तुम्ही विचारलंय की कॅनडातल्या ऑइल स्प्रिंग्जच्या व्हिडिओत ते लाकडी दांडे गवतातून मागेपुढे सरकताना दिसतात, ते नुसते टुरिस्टना दाखवायला ठेवलेत का, आणि तसं नसेल तर प्रत्येक विहिरीवर नवीन पंपजॅक, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखा वरखाली डुलणारा स्वतंत्र पंप, का लावत नाहीत. दाखवायला नाहीत हो, खरंच तेल काढतात, ते सार्नियाच्या रिफायनरीला जातं. १८५८ला जेम्स मिलर विल्यम्सची विहीर इथलीच, म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ड्रेकच्या प्रसिद्ध तेलविहिरीच्या आधी एक वर्ष. १८६१मध्ये जॉन हेन्री फेअरबँक नावाचा सर्व्हेअर आला, त्याने एकाच वाफेच्या इंजिनावर बऱ्याच विहिरी चालवायची ही जर्कर लाइन, म्हणजे तुम्ही पाहिलेली मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यांची रांग, वापरात आणली आणि त्याच्या घराण्याने ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. आता वाफेच्या जागी इलेक्ट्रिक मोटर आहे, बाकी पद्धत तीच.

मी गुजरातेत मेहसाण्याकडे सकर रॉड पंपाच्या (वरून खाली सोडलेल्या लांब रॉडने विहिरीतला पंप चालवतात तो) मेंटेनन्सला होतो, तिथल्या विहिरी हजार मीटरच्या पुढच्या, म्हणून सांगतो, खोलीमुळेच सगळा फरक पडतो. ऑइल स्प्रिंग्जला तेल साधारण ३७० फुटांवर लागतं. एवढ्याशा रॉडचं वजन ते किती, लाकडी दांड्याला सहज ओढता येतं. आणि खरी अक्कल बॅलन्समध्ये आहे. अर्ध्या विहिरींचे रॉड वर जात असतात तेव्हा बाकीच्यांचे खाली येत असतात, वजन वजनाला तोलतं, मोटरला फक्त तेल-पाणी उचलायचं आणि घर्षण मारायचं एवढंच काम उरतं. पंपजॅकला हेच करायला मागे भलंमोठं काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन, लागतं, इथे एक विहीरच दुसरीचं काउंटरवेट! दांडे पण जमिनीवर घासत नाहीत, झोपाळ्यासारखे टांगलेले असतात, त्यामुळे झीज कमी.

आता नवीन का नको. एका विहिरीला दिवसाला अर्धा बॅरलही तेल येत नाही, आणि तेलासोबत पाणी भरपूर. प्रत्येकीला वेगळी मोटर, गिअरबॉक्स, केबल, फाउंडेशन, एवढा खर्च कधी निघणार सांगा. शिवाय जोरात पंप मारला म्हणून तेल जास्त येत नाही. विहिरीत जेवढं झिरपतं त्यापेक्षा जास्त ओढायला गेलात की पंपाचा बॅरल (नळी) अर्धवट भरतो, प्लंजर (नळीतला दट्ट्या) खाली येताना आधी रिकाम्या जागेतून जातो आणि मग धाडकन तेलावर आपटतो, तो दणका वरपर्यंत हाताला जाणवतो. असं रोज चाललं की रॉड तुटलाच म्हणून समजा, मग तो बाहेर काढायचा खर्च वेगळा. तिथली सावकाश चाल ही त्या विहिरींना बरोबर मानवणारी आहे, म्हणून मला ती फार आवडते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, जुनं आहे ते जमिनीवरचं. खाली विहिरीत दोन व्हॉल्व्ह असतात, एक तळाशी स्थिर, एक प्लंजरबरोबर वरखाली होणारा. रॉड वर गेला की वरचा बंद होऊन तेल उचलतो आणि खालून नवीन आत येतं, रॉड खाली आला की उलट. हे व्हॉल्व्ह, प्लंजरचे कप (सील), रॉड झिजतात, बदलावेच लागतात. वरचा दांडा कुजला तरी तेवढाच काढून दुसरा घालायचा, सुताराच्या हाताने होणारं काम, कंपनीच्या स्पेअर पार्टची वाट बघायला नको.

आता परत व्हिडिओ बघाल तेव्हा लाइन जिथे वळते ती जागा नीट बघा. ओढ तिथे तिरकी होते, त्यामुळे दांडे जोडणाऱ्या पिना आधी तिथेच झिजतात, त्यांची भोकं मोठी होतात आणि स्ट्रोक, म्हणजे दांड्याची मागेपुढे होणारी चाल, मार खातो. मेंटेनन्सवाला रोज फेरी मारताना पहिली नजर तिथेच टाकणार.