साडेचार हजारांचा कार्बन फोर्क घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सायकलचा स्टीलचा जड फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, काढून ऑनलाइन मिळणारा, कंपनीचं नाव नसलेला कार्बन फोर्क बसवायचाय. किंमत साडेचार हजार, वजन 400 ग्रॅमच्या आत. रविवारी पुण्याजवळचा सिंहगड नाहीतर बोपदेव घाट, स्वतःचं वजन 84 किलो. माझं उत्तर : नका घेऊ. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी असाच एक मागवला होता. दिसायला देखणा, वर काळं चकचकीत विणकाम. स्टीअररची नळी (फोर्कचा वरचा, फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारा भाग) लांब होती म्हणून पेठेतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे कापायला नेला. बारीक दात्यांचं पातं, धूळ उडू नये म्हणून ओलं फडकं, दोघांच्या तोंडाला मास्क. तुकडा सुटला तसा त्यानं तो उजेडाकडे धरला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. नळीची भिंत एका बाजूला जाड, समोरच्या बाजूला जेमतेम निम्मी. मधल्या पापुद्र्याला चक्क सुरकुती पडलेली आणि तिच्या पोटात नखाचं टोक जाईल एवढी पोकळी. "काका, हा भिंतीला टांगा," म्हणाला. टांगलाय.

गंमत बघा, कापल्याशिवाय आतलं दिसत नाही आणि कापला की विक्रेता परत घेत नाही. वरचं ते विणकाम बहुतेक वेळा नुसतं शोभेचं असतं. ताकद येते ती आतल्या थरांतून : धागे कुठल्या दिशेनं बसवलेत, साच्यात दाब नीट मिळाला का, धागे चिकटवणारं रेझिन सगळीकडे पोचलं का. फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. नाण्यानं टकटक करून आवाज ऐकायची युक्ती मीही करतो, पण तिच्या भरवशावर कात्रजचा उतार उतरणार नाही.

फ्रेमला तडा गेला तर ती बऱ्याचदा आधी कुरकुरते. चिमटा तुटला तर हँडल हातात आणि तोंड डांबरावर, सावरायला वेळच नाही. 2006 च्या पॅरिस-रुबे सायकल शर्यतीत अमेरिकी सायकलपटू जॉर्ज हिंकापीचं हेच झालं. आधी एकदा पडला होता, तरी तसाच पुढे निघाला, आणि नंतर स्टीअरर तुटला. तो तर अॅल्युमिनियमचा होता. मागे अख्ख्या टीमचे मेकॅनिक असून ही गत.

चिनी माल म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे कार्बन फोर्कही बरेचसे चीन-तैवानमध्येच बनतात. फरक इतकाच, की तिथं मालावर कुणीतरी नजर ठेवून असतं आणि काही झालं तर जाब विचारायला दार असतं. आयएसओ 4210 या सायकलच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात फोर्कला एक लाख वेळा मागेपुढे वाकवून बघतात. विक्रेत्यानं पानावर नुसता त्या मानकाचा आकडा छापला म्हणजे तुमच्या हातातल्या फोर्कच्या नमुन्याची तशी चाचणी झालीच, असं नव्हे.

आणि चांगला फोर्कसुद्धा बसवताना मारता येतो. कार्बनच्या नळीत स्टार नट (धातूची दातेरी चकती) ठोकायचा नाही, एक्स्पांडर (आतून फुलून नळीला आधार देणारा) घालायचा, तोही स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट आवळतात त्या उंचीला. बोल्ट साधारण 5 न्यूटन मीटरला, टॉर्क रेंच (किती आवळलं ते मोजणारा पाना) लावून. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याला दुकानाबाहेरूनच नमस्कार करा. स्टेमखाली स्पेसरच्या कड्यांचा मनोराही नको, कंपनीनं दिलेली मर्यादा पाळा. कुणाचा वापरलेला कार्बन फोर्क मिळत असेल तर तोही नको. किती वेळा आपटलाय ते कोण सांगणार?

मुळात तुम्हाला वजन कमी करायचंय की हाताला बसणारे दणके? दणके असतील तर फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये मावत असल्यास 23 मिलिमीटर रुंदीचे टायर काढून 28 चे घाला, हवा थोडी कमी ठेवा. आपल्या स्पीडब्रेकरवर फोर्क बदलण्यापेक्षा याचा फरक जास्त जाणवेल, आणि पैसेही वाचतील. वजनच कमी करायचं असेल तर अॅल्युमिनियमचा स्टीअरर आणि कार्बनचे पाय असलेला नावाच्या कंपनीचा फोर्क दुकानातून बिलासकट घ्या. थोडा जड पडेल, पडू दे.

सध्याच्या फोर्कची क्राऊनपासून (दोन्ही पाय वर जिथं जोडले जातात तिथून) चाकाच्या आसापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा, ब्रेक रिमचे की डिस्कचे तेही, आणि हेडसेटचा (स्टीअरर ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा) एक फोटो टाका. मग नेमके पर्याय सांगतो.