अमेरिकन स्वातंत्र्यामागचे विचार वाचायचेत? आधी एवढंच कर

विषय मस्त निवडलायस, पण लॉक, माँटेस्क्यू असे युरोपियन विचारवंत सगळे एकदम काढून बसू नकोस, दमशील आणि सोडून देशील.

१) ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आधी अख्खा वाच. नवीन लोक 'सगळी माणसं समान'पाशी थांबतात आणि खरा माल तर पुढे आहे, तिथे ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जवर आरोपांची सरबत्तीच आहे, विधिमंडळं बरखास्त केली, न्यायाधीशांचे पगार स्वतःच्या मर्जीवर ठेवले, शांततेच्या काळात फौजा आणून बसवल्या. म्हणजे सत्ता लोकांच्या संमतीने चालते, आणि राजाच हक्क तुडवायला लागला की ती संमती काढून घेता येते. लॉकचं एवढं कळलं तरी सध्या पुरे.

२) सगळं टॅक्समुळे झालं असं धरून चालू नकोस. १७६५ च्या स्टॅम्प ॲक्टपासून (कागदपत्रांवर टॅक्स लावणारा ब्रिटिश कायदा) मूळ वाद रकमेचा नव्हता, टॅक्स लावायचा हक्क कोणाला याचा होता, कारण ब्रिटिश पार्लमेंटमध्ये अमेरिकन वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता.

३) पहिल्यापासून स्वातंत्र्यच हवं होतं हेही चूक. लढाई पेटल्यावरसुद्धा जुलै १७७५ मध्ये वसाहतवाल्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज धाडला होता. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनचं 'कॉमन सेन्स' आलं, त्याने थेट वंशपरंपरागत राजेशाहीवरच घाव घातला, मग वारं फिरलं. ते छोटंसंच आहे, जाहीरनाम्यानंतर लगेच घे. आपल्या जोतीराव फुल्यांवरही याच पेनच्या लिखाणाचा मोठा प्रभाव होता.

आणि जाहीरनाम्याच्या जेफरसनने लिहिलेल्या मसुद्यातला गुलामांच्या व्यापारावरचा उतारा काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) काढून टाकला, हे वाचताना अजिबात विसरू नकोस. राज्यघटनेचे वाद नंतर बघू.