रिकॅल्सिट्रंट : अडेलतट्टू की लाथाळ?

प्रश्न : हट्टी माणसासाठी इंग्रजीत ‘स्टबर्न’, ‘ऑब्स्टिनेट’ आणि ‘रिकॅल्सिट्रंट’ असे तीन शब्द वाचनात येतात. तिसरा शब्द कुठून आला? कॅल्शियमशी त्याचं काही नातं आहे का? आणि तो वापरायचा कुठे?

उत्तर : कॅल्शियमशी नातं नाही, पण शंका रास्त आहे. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ असे दिसायला हुबेहूब दोन शब्द आहेत. एक चुनखडीचा, ज्यातून कॅल्शियम आलं, दुसरा टाचेचा. टाचेच्या हाडाला वैद्यकात ‘कॅल्केनियस’ म्हणतात, ते याच दुसऱ्या शब्दावरून. त्याला मागे जाण्याचा भाव दाखवणारा ‘रे’ जोडला की ‘रेकाल्किट्रारे’, म्हणजे मागच्या पायांनी लाथा झाडणं. रोमन कवी होरेसने हे क्रियापद पुढे सम्राट ऑगस्टस झालेल्या सीझर ऑक्टेव्हियनसाठी वापरलं आहे : चुकीच्या पद्धतीने गोंजारलंत तर तो लाथ मारील. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत रुळला तो 19व्या शतकात. (‘इन्कल्केट’ म्हणजे मनावर बिंबवणं, हेही मुळात टाचेने तुडवून आत बसवणंच!)

ही लाथ लक्षात ठेवली की वापर चुकत नाही. ‘ऑब्स्टिनेट’च्या मुळाशी उभं राहण्याचा धातू आहे, आपल्या ‘स्था’चा दूरचा भाऊबंद, तो माणूस आपल्या मतावर ठाण मांडतो. म्हणजे आपला अडेलतट्टू. रिकॅल्सिट्रंट मात्र लाथाळ. त्याला लाथ मारायला समोर कुणीतरी लागतं : हुकूम, नियम, शिक्षक, न्यायालय. एकटाच आपला हेका धरून बसलेल्या माणसाला हा शब्द लावला तर तो अधांतरी वाटतो. चिकाटीचं कौतुक करायलाही तो चालत नाही. ‘स्टबर्न’ क्वचित चालून जातो.

शास्त्रात या शब्दाला वेगळंच आयुष्य मिळालं आहे. औषधोपचारांना दाद न देणारा आजार रिकॅल्सिट्रंट. वनस्पतिशास्त्रात तर 1973 साली बियांचे अभ्यासक रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले, ऑर्थोडॉक्स आणि रिकॅल्सिट्रंट. पहिल्या गटातलं बी सुमारे 5 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून शून्याखालच्या तापमानात वर्षानुवर्षं टिकतं. आंबा, कोको, रबर यांचं बी तसं वाळवलं की मरतं, कारण पेशींतलं पाणी गेल्यावर आवरणं आणि प्रथिनं सावरण्याची सोय त्यांच्यात पुरेशी नसते. ओलं ठेवून गोठवावं, तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. त्यामुळे नेहमीच्या बीजपेढीचा त्यांना उपयोग नाही. बागेत झाडं जगवावी लागतात किंवा बीजातला अंकुर तेवढा काढून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर ठेवावा लागतो.

उच्चारात आघात ‘कॅल’वर द्यावा. नाम ‘रिकॅल्सिट्रन्स’. लिहिताना बरेच जण ‘एल’ गाळतात. टाच आठवली तर गळणार नाही.