द्राक्षं खाल्ली म्हणून फ्लू होतो का?

प्रश्न : आमच्याकडे पंचवटीत आधी धाकट्याला ताप आला, दोन दिवसांनी मला, मग सासूबाईंना. त्या म्हणतात पोराने फ्रिजमधली द्राक्षं खाल्ली आणि पहाटे गोदाकाठी गारठ्यात फिरला म्हणून. खरंच का?

उत्तर : ताई, द्राक्षं बिचारी फुकट बदनाम. फ्लू होतो इन्फ्लुएन्झा व्हायरसमुळे, दरवर्षी साथ येते ती त्याच्या ए आणि बी प्रकारांची, आणि थंडीने व्हायरस तयार होत नाही, फक्त आपण दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत बसतो ना, तिथे त्याचं फावतं. खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही बारीक थेंब उडतात. शिवाय पोरगं नाक पुसून त्याच हाताने रिमोट धरतं, मग तुम्ही तो घेता आणि डोळा चोळता, झालं! लागण झाल्यावर १ ते ४ दिवसांत त्रास सुरू होतो, म्हणजे तुमचा हिशोब बरोबर बसतोय. पण ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, त्यामुळे कोणी कोणाला दिला हे भांडण सोडा. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका, व्हायरसवर ते चालत नाही. सासूबाई साठीच्या पुढे असतील तर दम लागायची वाट न बघता आजच डॉक्टरांना दाखवा.