ऑपरेशन छान झालं, मग मला रडू का येतंय?

"मॅडम, घरी सगळे पेढे वाटतायत आणि मला वाटतंय, माझं बाळ कुणीतरी बदलून आणलं."

समोर चार महिन्यांच्या मुलाची आई बसली होती. मुलाचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. परळच्या एका रुग्णालयात ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. टाके निघाले होते, जखम स्वच्छ होती. बाळाला सासूबाईंजवळ ठेवून ती बदलापूरहून लोकलने एकटीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिच्यासारख्या बऱ्याच आया मला हेच विचारतात: सगळं नीट पार पडलं, मग आनंद का होत नाही?

मी म्हटलं, त्या दिवसाचं सांगा. पहाटेपासून सांगा.

पहाटे चारला तिने शेवटचं अंगावर पाजलं. आठचा नंबर होता, पण आधीची केस लांबली आणि सव्वादहा वाजले. दुधाच्या वासाने बाळ तिच्या छातीशी तोंड खुपसत होतं. "मी त्याला लांब केलं, मॅडम. या हाताने." मग नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत राहिला.

ज्यांच्या बाळाचं ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवा. भुलीत पोटातलं दूध उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून आईचं दूध साधारण चार तास आधी थांबवतात. त्या वेळात बाळ बाबांकडे किंवा आजीकडे द्यावं, म्हणजे दुधाचा वास त्याला सारखा जवळ येत नाही. नंबर पुढे गेला तर गप्प बसू नका, सिस्टरना विचारा. थोडं पाणी चालेल का, हे भूल देणारे डॉक्टर सांगतात.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरने बाळाची तीट पुसली, करगोटा काढला, मनगट्या काढून हिच्या हातात दिल्या आणि बाळ आत नेलं. "तो माझ्याकडे बघून हसला हो. त्याच ओठांनी." दीड-दोन तास ती बाकावर बसून होती. मूठ उघडली तेव्हा मण्यांचे वळ तळहातावर उमटले होते.

बाळ बाहेर आलं ते सुजलेलं, हाताला सलाईनची पट्टी, नाकाखाली सुकलेलं रक्त, आवाज घोगरा. सासूबाई म्हणाल्या, "किती गोड दिसतोय!" हिने बाळाला कुशीत घेतलं, पाजलंही, पण ते ओळखीचं वाटेना.

इथे ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "मला त्याचं जुनं हसू हवंय. मी कसली आई?"

चार महिने तिने तोच चेहरा पाहिला होता. रुंद, नाकापर्यंत उघडणारं हसू तिला पाठ होतं. दूध ओघळू नये म्हणून त्याला कसं धरायचं, हे ती त्याच ओठांवरून शिकली होती. तो चेहरा एका सकाळी गेला आणि त्याला निरोप द्यायलाही कुणी सवड दिली नाही. मी तिला म्हटलं, "तुम्हाला ऑपरेशन नको होतं असं नाही. तुम्हाला तो आधीही आवडत होता." त्यावर ती जी रडली, ते रडणं अकरा दिवस अडून राहिलं होतं.

फोनमध्ये समोरून काढलेला एकही फोटो नव्हता. "ऑपरेशननंतर काढू" असं घरात ठरलेलं. एक व्हिडिओ मात्र तिने लपवून ठेवला होता, सात सेकंदांचा. आम्ही तो तीन वेळा पाहिला.

दुसरं ओझं ग्रहणाचं होतं. सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा तिने विळीवर मेथी चिरली होती. हे तिला कुणी ना कुणी ऐकवतच होतं. मी तिला महिने मोजून दाखवले. गर्भात ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा तर तिला दिवस राहिल्याचं नुकतंच कळत होतं. सातव्या महिन्यातली विळी तिथवर कशी पोचेल? ती बोटांवर पुन्हापुन्हा मोजत राहिली. हे तिला दवाखान्यात कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

असं रडू पुष्कळ आयांना येतं आणि बाळाशी खेळता-खेळता ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका, घरातल्या माणसाला सांगा आणि लगेच दवाखाना गाठा. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

पुढच्या वेळी ती नवऱ्याला घेऊन आली. संमतीपत्रावर सही त्याने केली होती आणि तेव्हापासून त्या दिवसाबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. तिने तो व्हिडिओ लावून फोन त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"हा आईला पाठवू का?" त्याने विचारलं. "ती परवा विचारत होती, आधीचा एखादा फोटो आहे का म्हणून."